सज्ञान मुले आणि घराचा उंबरठा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून दिला. मूल सज्ञान केव्हा होते, आणि सज्ञान झालेल्या मुलास घर सोडून जाण्याचा अधिकार आहे काय, हा तो विषय. वास्तविक हा वकिलाचा प्रांत आहे आणि मी वकील नव्हे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे मुलांना मुळाक्षरे आणि पाढे शिकविले, शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलो आणि निवृत्त झालो. कायद्याच्या ज्या गोष्टी मी आज सांगणार आहे त्या एका वकील स्नेह्याकडून समजावून घेतलेल्या आहेत. मते मात्र माझी स्वतःची आहेत आणि ती न पटल्यास राग माझ्यावरच काढावा, वकीलसाहेबांवर काढू नये.

हा विषय यंदाच का निघाला, हे सभागृहातील बहुतेकांस ठाऊक आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत अशी एक सूचना आली की, आईबापांच्या संमतीवाचून घर सोडून गेलेल्या मुलामुलींची, आणि त्यांना थारा देणाऱ्या कुटुंबांचीही नावे मंडळाच्या परिचय-पुस्तिकेतून कमी करावीत व अशा कुटुंबांस मंडळाच्या कार्यक्रमांचे निमंत्रण देऊ नये. वेळेअभावी ती सूचना पुढील सभेवर गेली. सूचना मांडणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, सज्जन आहेत, आणि त्यांचे दुःख खरे आहे. परंतु दुःख खरे असले म्हणजे त्यावरचा उपायही खरा असतो असे नाही. मतदानाची वेळ येण्यापूर्वी या प्रश्नाची सर्व बाजूंनी ओळख व्हावी एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

प्रथम वयाचा विचार करू. वय ही गोष्ट आपण समजतो तितकी निश्चित नाही, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार? पूर्वी मूल शाळेत घालावयास आणले म्हणजे मास्तर जन्मतारीख विचारीत. आई सांगे, भातकापणी चालली होती. बाप सांगे, मोठा पूर आला त्याच्या पुढल्या साली. कोतवाल बुकाची नक्कल आणण्यास तालुक्याला जाणार कोण? मग मास्तर मुलाच्या दातांकडे व उंचीकडे पाहून सहा वर्षे मागे मोजीत आणि रजिस्टरात १ जून ही तारीख घालून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये उघडते. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी पाहून परक्या माणसास वाटेल की, येथील बायका काही एका मुहूर्तावरच बाळंत होत असाव्यात! आज या सभागृहात साठी उलटलेल्या मंडळींनी हात वर केले तर त्यांत १ जूनवाले पुष्कळ निघतील.

पण मास्तरांनी सहज घातलेली ही तारीख पुढे कोणत्या थरास जाते पाहा. मनुष्य नोकरीतून निवृत्त केव्हा होणार, त्यास मत केव्हा मिळणार, हे तिच्यावर ठरते. एखादे मूल अज्ञान आहे की सज्ञान असा वाद न्यायालयापुढे आला म्हणजे २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना मात्र जन्मदाखला हाच मुख्य आधार राहणार आहे, आणि ते योग्यच झाले.

आता कायदा. आपल्या देशात सज्ञानतेचा कायदा १८७५ साली झाला आणि त्याने अठरा वर्षे ही मर्यादा घातली. जन्माचा दिवस पुरा धरावयाचा आणि अठरावा वाढदिवस उजाडताच मनुष्य सज्ञान झाला असे मानावयाचे, इतका तो कायदा स्पष्ट आहे. त्यापूर्वी हिंदूंत सोळाव्या वर्षाची परंपरा होती. सोळावे लागले की सज्ञान, की सोळावे सरले की सज्ञान, यावर शास्त्रकारांत मतभेद होता. मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्यास मित्राप्रमाणे वागवावे, हे सुभाषित आपणा सर्वांस पाठ आहे. ते आचरणात आणलेला बाप मला छत्तीस वर्षांत क्वचितच भेटला, हा भाग वेगळा. ज्या मुलावर न्यायालयाने पालक नेमला असेल त्याच्यापुरती मर्यादा एकवीस वर्षांची होती. तो अपवाद १९९९ साली काढून टाकण्यात आला. मताचा अधिकारही आधी एकवीस वर्षांनीच मिळे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून तो अठरा वर्षांवर आला.

परंतु १८७५ च्या त्या कायद्यात एक मोठी पळवाट ठेवली होती. लग्न, घटस्फोट, दत्तक आणि धार्मिक आचार यांना आपण हात लावणार नाही, असे त्यातच लिहिले होते. म्हणजे जमीन विकावयाची, रोखा लिहून द्यावयाचा, तर अठरा वर्षे पुरी हवीत. पण जन्माची गाठ बांधावयाची तर कितीही वय चालेल. यातून काय घडत असे त्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत, माहेरी राहून शिकत राहिल्या. १८८४ साली नवऱ्याने फिर्याद केली. पहिल्या न्यायाधीशांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. पण अपिलानंतर तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या वेळी त्यांचे वय बावीस होते. कराराच्या कायद्याने पूर्ण सज्ञान असलेल्या या बाईला, ती अकरा वर्षांची असताना दुसऱ्यांनी केलेला करार पाळावयास सांगण्यात आले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे उत्तर दिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी हजारो स्त्रियांची सेवा केली. लग्नाच्या वयाचे कायदे त्यानंतर हळूहळू पुढे सरकले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीस चौदा व मुलास अठरा ही मर्यादा घातली, आणि १९७८ साली ती अठरा व एकवीस झाली. मुलीचेही वय एकवीस करावे असे विधेयक २०२१ साली लोकसभेत आले होते, ते २०२४ साली लोकसभेबरोबरच संपले.

कायद्याचा इतिहास एवढा पुरे. मला खरे बोलावयाचे आहे ते घर सोडण्याविषयी.

आजकाल आपल्यात असे म्हणण्याची रीत पडली आहे की, मुलांनी घर सोडणे ही पाश्चात्त्यांची चाल, आपल्या संस्कृतीत ती नाही. बंधूंनो, हे खरे नाही. आपल्या घरांतून मुले नेहमीच बाहेर पडत आली आहेत, आणि आजच्यापेक्षा पुष्कळ लहान वयात पडत आली आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कोकणातील किती घरांतून बारा-चौदा वर्षांची पोरे बोटीने मुंबईस गेली याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा. गिरणगावातल्या गावच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांत पथारी टाकावयाची, पाळीपाळीने झोपावयाचे, खानावळीत जेवावयाचे आणि महिन्याच्या महिन्यास मनिऑर्डर पाठवावयाची. त्या पोराचे वय कोणी विचारले नाही. मुलींचे तर विचारूच नका. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलगी परक्या घरी, परक्या गावी जात असे, आणि त्यास घर सोडणे असे कोणी म्हणत नसे, कन्यादान म्हणत. १८७५ सालीच, म्हणजे ज्या वर्षी सज्ञानतेचा कायदा झाला त्याच वर्षी, मुरूडचा धोंडो केशव कर्वे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर पावसापाण्यातून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेला. परीक्षेस सतरा वर्षे पुरी असावी लागत. ती पुरी झाली होती, पण अंगाने किरकोळ असल्यामुळे तेथील साहेबांनी ते मानले नाही व त्यास परत लाविले. ही हकीकत महर्षींनी आपल्या आत्मवृत्तात दिली आहे. साहेबांच्या डोळ्यांस तो सतरा वर्षांचाही दिसला नाही, आणि घाट उतरून-चढून जाण्यास मात्र तो घरच्यांच्या दृष्टीने पुरेसा मोठा होता!

तेव्हा घर सोडणे आपणांस नवे नाही. नवे आहे ते इतकेच की, पूर्वी मुले वडिलांनी पाठविली म्हणून जात, आता काही मुले आपल्या मनाने जातात. आपणांस टोचते ते जाणे नव्हे. न विचारता जाणे टोचते. ही गोष्ट एकदा प्रामाणिकपणे मान्य केली म्हणजे पुढचा विचार सोपा होतो.

पालकाने अधिकार केव्हा सोडावा, हा प्रश्न काही आजचा नाही. पेशवाईतील दोन माधवरावांची तुलना करून पाहा. थोरले माधवराव १७६१ साली गादीवर आले तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि कारभार चुलत्यांच्या हाती होता. चुलत्यांनी तो सुखासुखी सोडला नाही. घरात लढाई होण्यापर्यंत पाळी आली. पण त्या मुलाने वेळप्रसंगी नमते घेऊन आणि वेळप्रसंगी ताठ राहून कारभार आपल्या हाती घेतला, आणि पानिपतानंतर खचलेले राज्य अकरा वर्षांत सावरले. उलट सवाई माधवराव. त्यांच्या जन्मापूर्वीच वडिलांचा खून झालेला, आणि नाना फडणविसांसारखा बुद्धिमान व एकनिष्ठ पालक लाभलेला. नानांच्या हेतूबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण मुलगा एकवीस वर्षांचा झाला तरी नजर ढिली झाली नाही. १७९५ साली शनिवारवाड्यात वरून खाली पडून तो गेला. तो अपघात की आणखी काही, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यात मी पडत नाही. इतकेच म्हणतो की, उत्तम पालकाच्या हातूनही वेळ टळून जाऊ शकते.

आपल्या घरांतही हेच चालते, फक्त शनिवारवाड्याच्या जागी दोन खोल्यांचे बिऱ्हाड असते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावासमोर 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस सज्ञान झाला म्हणजे तलाठ्याकडे वयाचा पुरावा देऊन तो शेरा कमी करावयाचा असतो. कोणी करीत नाही. परिणामी साठ-साठ वर्षांचे, नातवंडे खेळविणारे गृहस्थ सातबाऱ्यावर अज्ञान म्हणून नांदत असतात, आणि त्यांचा पालनकर्ता केव्हाच वैकुंठवासी झालेला असतो! जमिनीचे व्यवहार अडले म्हणजे मग धावपळ. मला वाटते, हा शेरा सातबाऱ्यावर जितका आहे त्याहून अधिक आपल्या मनात आहे. मुलगी लग्न होईपर्यंत अज्ञान, आणि मुलगा बाप जिवंत असेपर्यंत अज्ञान, असा आपला घरगुती कायदा आहे. १८७५ चा कायदा तेथपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग. मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. त्यांची मुलगी परगावी नोकरीस होती, तिने तेथेच आपल्या मनाने संसार थाटला. मुलगा परजातीचा. पोलिसांत तक्रार झाली, पोलिसांनी मुलगी शोधून काढली, तिचा जबाब घेतला. मी माझ्या इच्छेने आले आहे, असे तिने सांगितले. वय एकोणीस वर्षे चार महिने. पोलिसांनी हात वर केले, कारण त्यांना दुसरे काही करताच येत नव्हते. मुलगी आमच्या शाळेची विद्यार्थिनी. गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, रजिस्टरात तिचे जन्मसाल दोन वर्षांनी पुढे घ्या आणि तसा दाखला द्या. बाकीचे आम्ही पाहून घेऊ."

बाकीचे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. दोन वर्षांनी साल पुढे गेले की मुलगी सतरा वर्षांची होते. मग तिने स्वतःच्या इच्छेने आले असे शंभर वेळा सांगितले तरी त्याचा उपयोग नाही. मुलावर पळवून नेल्याचा गुन्हा, आणि शिवाय २०१२ चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा. म्हणजे पंचविशी न गाठलेल्या पोराची उमेदीची वर्षे तुरुंगात. एवढ्याशा खाडाखोडीवर दोन आयुष्ये. मी त्यांना चहा दिला आणि सांगितले की, रजिस्टर सरकारचे आहे, त्यातील तारीख मुख्याध्यापकाला आपल्या मनाने बदलता येत नाही, आणि येत असती तरी मी बदलली नसती. ते उठून गेले. पुष्कळ वर्षे माझ्याशी बोलत नव्हते. आज ती मुलगी दोन मुलांची आई आहे. वडील तिचे नाव काढीत नाहीत. आई बाजाराच्या दिवशी एस. टी. स्थानकावर तिला भेटते, वडिलांना हे ठाऊक आहे, आणि थैली घेऊन निघालेल्या बायकोला ते आज इतका वेळ का लागला असे विचारीत नाहीत.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर कायदा आईबापांच्या पाठीशी आहे, आणि तो असलाच पाहिजे. पूर्वी पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलगा सोळा वर्षांच्या आतला व मुलगी अठरा वर्षांच्या आतली असावी लागे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत दोघांनाही अठरा ही एकच मर्यादा आहे. अज्ञान मूल आपल्या पायांनी चालत गेले तरी फूस लावणारा सुटत नाही. मात्र कोणी नेलेच नसेल, मुलगीच समजून-उमजून निघाली असेल, तर सोबत जाणाऱ्याने तिला पळविले असे म्हणता येईलच असे नाही. मद्रासेकडील वरदराजन या तरुणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हा भेद केला. तेथील मुलगी महाविद्यालयात शिकणारी व अठरा वर्षे पुरी होण्याच्या अगदी बेतात असलेली होती.

अठरा वर्षे पुरी झाल्यावर मात्र वादच उरत नाही. मुलगा असो वा मुलगी, कोठे राहावे, काय शिकावे, कोणाशी लग्न करावे हे ज्याने त्याने ठरवावे. लता सिंग यांच्या खटल्यात भावांनी बहिणीस पळवून नेल्याची फिर्याद करून तिच्या सासरच्या माणसांना तुरुंगात घातले होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व खटले रद्द केले आणि सांगितले की, सज्ञान मुलाचे लग्न मान्य नसेल तर आईबापांनी फार तर त्याच्याशी संबंध ठेवू नयेत. धमकी, मारहाण, त्रास यांचा अधिकार त्यांना नाही. केरळातील नंदकुमार खटल्यात मुलाचे वय एकवीसच्या आत, म्हणजे लग्नास कमी. तरीही २०१८ साली न्यायालय म्हणाले, दोघेही सज्ञान आहेत, लग्न बाजूस ठेवले तरी त्यांना एकत्र राहण्यास प्रतिबंध करता येणार नाही. हे ऐकून काही माना हललेल्या मला येथून दिसतात. लग्नास एकवीस आणि सहवासास अठरा, ही विसंगती मलाही रुचत नाही. परंतु मला रुचत नाही म्हणून मी कोणाच्या घराला बाहेरून कडी लावू शकत नाही.

आता आपल्या सूचनेकडे वळतो. बापाने मुलीशी बोलणे टाकले तर तो त्याचा प्रश्न. न्यायालयानेही तेवढी मोकळीक त्यास दिली आहे. पण तेच काम मंडळाने ठराव करून केले तर तो गुन्हा होतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. ज्ञातीच्या कार्यक्रमास येऊ न देणे, संबंध तोडावयास लावणे, हे त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपले मंडळ नोंदलेले आहे, सभा रीतसर भरते, इतिवृत्त लिहिले जाते, म्हणून आपण जातपंचायत नव्हे, अशा भ्रमात कोणी राहू नये. कायदा नावाकडे पाहत नाही, कामाकडे पाहतो. आणि कायदा नसता तरी मी विचारले असते की, मुलीला थारा देणाऱ्या मावशीचे नाव वगळून आपण काय साधणार? मुलगी मावशीकडे न जाता कोणाकडे जावी अशी आपली इच्छा आहे?

आईबापांची बाजू मला कळत नाही असे नव्हे. माझ्याही घरात मुली वाढल्या. अठराव्या वर्षी अक्कल ती किती, असे आपण म्हणता. कायदा तरी कोठे म्हणतो की, अठराव्या वर्षी अक्कल येते? लोकसभेत बसण्यास तो पंचवीस वर्षे मागतो, आणि महाराष्ट्रात कडक दारू पिण्यासही पंचवीसच! अठरा वर्षे ही शहाणपणाची मर्यादा नव्हे. चुकल्यास चूक आपली, दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि तरुण मित्रहो, हे वाक्य आपणही नीट ऐका. हिंदू दत्तक व पोषण कायद्याप्रमाणे मुलाच्या पोषणाची बापावरील जबाबदारी तो सज्ञान होताच संपते. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची तेवढी राहते. बापाने स्वकष्टाने बांधलेल्या घरात राहण्याचा सज्ञान मुलास हक्क नाही, त्यांच्या मर्जीनेच तो राहू शकतो, असे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. तेव्हा अठरावा वाढदिवस झाला की केवळ मुलगा बापापासून मोकळा होतो असे नव्हे, बापही मुलापासून मोकळा होतो. आपल्याकडे बाप ही मोकळीक घेत नाही. फी भरतो, खोलीचे भाडे पाठवितो, तिशी आली तरी गाडीचे हप्ते फेडतो. मुलीने एकोणिसाव्या वर्षी खोली घेतली तर घराण्याची अब्रू जाते, आणि मुलगा तिशीत बापाच्या निवृत्तिवेतनावर बसला तर त्याचे कोणास काही वाटत नाही, हा न्याय मला आजवर उमगलेला नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेविषयी एक गैरसमज दूर करतो. मुलगी मनाने गेली म्हणजे तिचा हिस्सा गेला असे पुष्कळांस वाटते, आणि काही जण वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देतात. महाराष्ट्रात १९९४ पासून व सबंध देशात २००५ पासून मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सा आहे. नोटिशीने तो जात नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र ज्याने त्याने आपल्या इच्छेप्रमाणे करावे.

मग करावे काय? मला जे सुचते ते अगदी साधे आहे. आपल्यातील पुष्कळ घरांत मुलीची प्रमाणपत्रे, जातीचा दाखला, पडताळणीचे पत्र, बँकेचे पुस्तक हे सर्व वडिलांच्या कपाटात कुलपात असते. काळजीपोटी ठेवले, असे सांगतात. ती काळजी असेलही. परंतु मुलीच्या कागदांची किल्ली बापाच्या कनवटीला असली म्हणजे तिला निघावयाचे झाल्यास चोरासारखे निघावे लागते, आणि चोरासारखे निघालेले माणूस सल्ला विचारावयास मागे येत नाही. अठरा वर्षे पुरी झाली त्या दिवशी हे कागद एका पिशवीत घालून मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावेत. बँकेतही त्या दिवसापासून तुमची सही चालत नाही. मग घरात तरी का चालवावी?

दुसरे असे की, बारावी होऊन मुले परगावी शिकण्यास जातात ती सतरा-अठराव्या वर्षी. म्हणजे बहुतेकांचे सज्ञान होणे घरी न होता कोठल्या तरी खोलीत, परक्या मालकाच्या छपराखाली होते. मंडळाचे शहरातील वसतिगृह आजवर मुलांपुरतेच आहे. मुलींनी खासगी खोल्या घ्यावयाच्या, दुप्पट भाडे द्यावयाचे, आणि वर आपण त्या मोकाट झाल्या म्हणून बोलावयाचे! इमारत-निधीत शिल्लक आहे, वरचा मजला बांधण्यास परवानगी आहे. तो मजला मुलींसाठी व्हावा. तेथे फाटक रात्री किती वाजता लावावे यावर वाद जरूर घालू; पण आधी मजला तर उभा राहू द्या. आणि त्यात दोन खोल्या अशा ठेवाव्यात की, ज्ञातीतील कोणी सज्ञान मूल घरी भांडून निघाले तर चार दिवस तेथे उतरता यावे. आईबापांस कळवावयाचे की मूल येथे आहे, सुखरूप आहे. परत पाठविण्याची सक्ती मात्र करावयाची नाही.

पुढील सभेत जुनी सूचना मागे घेतली जावी आणि तिच्या जागी मी वर मांडलेली वसतिगृहाची सूचना विचारास घ्यावी, अशी माझी विनंती आहे. सूचक म्हणून माझे नाव लिहून घ्यावे. त्या दोन खोल्यांतील एका खाटेचा व गादीचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. अनुमोदक म्हणून जुनी सूचना मांडणाऱ्या गृहस्थांनीच पुढे यावे असे मला फार वाटते. त्यांच्याशी मी उद्या घरी जाऊन बोलणार आहे.

अध्यक्षमहाराजांनी घंटा वाजविण्यापूर्वी मी आपली रजा घेतो.